भंडारा जिल्ह्यातील हातकताई व विणकर-संघटना

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्ह्यात परंपरेने चालत आलेला सूत कातण्याचा व हातमागावर कापड विणण्याचा व्यवसाय आणि तो टिकविण्यासाठी वेळोवेळी उभ्या राहिलेल्या संस्था. भंडारा, पवनी, मोहाडी व आंधळगाव ही या व्यवसायाची प्रमुख केंद्रे होत. रेशीमकाठी धोतरे, उपरणी, लुगडी आणि तसरचे कापड यांसाठी ही गावे विदर्भात व विदर्भाबाहेरही ओळखली जात. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या काळासंबंधी येथे भंडारा जिल्हा असा उल्लेख येतो, तेव्हा त्यात आजच्या गोंदिया जिल्ह्याचाही समावेश होतो.

या व्यवसायाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न सुताच्या पुरवठ्याचा आहे. विणकराचे कौशल्य, माग व बाजारपेठ ही कमीअधिक प्रमाणात शाबूत राहिली. परंतु सूत कोठून यावे व कोणाच्या मार्फत यावे, ही बाब त्याच्या हातून निघून गेली. पुढील काळातील खादीकार्य, सहकारी संस्था व शासकीय योजना यांचे यशापयश बव्हंशी याच प्रश्नाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील, तलावांचा व भातशेतीचा जिल्हा आहे. कापसाचे पीक येथे नगण्य होते. कापूस पश्चिमेकडील नागपूर व वर्धा या भागांतून येई. येथील वनांत मात्र ऐन व अर्जुन हे वृक्ष विपुल असून त्यांच्या पानांवर तसरचे किडे पोसले जात. अशा प्रकारे कपाशीचे सूत व तसरचा धागा असे दोन वेगळे कच्चे माल या जिल्ह्यात एकत्र आले. पहिला बाहेरून येणाऱ्या कापसावर अवलंबून होता, तर दुसरा स्थानिक वनातून मिळत होता.

विणकामाची विभागणी जातीनिहाय होती. तलम सुती कापड, रेशीमकाठ व तसर हे काम कोष्टी समाजाकडे असे. जाडेभरडे कापड मुख्यतः महार विणकर विणीत आणि त्यास खेड्यातच गिऱ्हाईक मिळे. जाड सूत त्यांच्याच घरी व इतर शेतकरी घरांत स्त्रिया कातीत. कापूस लोढणे, पिंजणे, पेळू करणे, रहाटावर कातणे व सुताच्या गुंड्या बांधणे ही कामे शेतीच्या हंगामाबाहेर चालत. तसरचे किडे झाडांवर सोडण्याचे व राखण्याचे काम ढिवर समाजातील कुटुंबे करीत.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात तलम कापडास दरबाराचा व सरदारवर्गाचा आश्रय होता. येथील धोतरे व पागोटी पुण्याकडेही जात. नागपूर दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्झ यांनी आपल्या अहवालात (१८२७) राज्यातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. त्यामुळे दरबारी मागणी आटली; तरीही कापडाचा बाजार काही काळ टिकून राहिला.

या भागातील हातकताईची पातळी किती उच्च होती, याचा पुरावा शेजारच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातून मिळतो. १८६७ च्या नागपूर प्रदर्शनात तेथून आलेले हातसूत इतके तलम होते, की त्या सुताचे एक पौंड उलगडले असता ते ११७ मैल पुरले असते. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतात तितका सुताचा नंबर धरला जातो. त्या हिशेबाने हे सूत सु. २४५ नंबरचे ठरते.

कताई व विणकाम यांची फारकत : ज्या वर्षी हे प्रदर्शन भरले, त्याच वर्षी मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गाने कापूस बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे सूत आत येऊ लागले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपूर येथे सुरू झाली. नागपूर ते राजनांदगाव हा मीटरमापी लोहमार्ग १८८२ पर्यंत पूर्ण झाला. तो भंडारा जिल्ह्यातून जात होता. पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला व १८९१ मध्ये कलकत्त्याच्या बाजूशी सलग जोडला गेला.

या घटनांचा परिणाम विणकर व कातणारी यांच्यावर एकसारखा झाला नाही. गिरणीचे सूत स्वस्त, एकसारखे व पीळ पक्का असलेले होते. कोष्टी विणकराच्या दृष्टीने ते सोयीचेच होते. त्याने ते त्वरेने स्वीकारले आणि त्यावर पूर्वीपेक्षा अधिक कापड विणले. याउलट, रहाटावरची मजुरी इतकी उतरली, की कापूस विकत घेऊन सूत कातणे परवडेनासे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा, पवनी या गावांतून तलम कापड विणले जात होते. मात्र त्याचा ताणा व बाणा गिरणीचा होता. हातमागाच्या ऱ्हासाची जी सर्वसाधारण कल्पना केली जाते, ती या जिल्ह्याला तंतोतंत लागू पडत नाही. येथे प्रथम रहाट थांबला. माग त्यानंतर बराच काळ चालू राहिला.

जाड कापड विणणाऱ्यांची स्थिती वेगळी होती. त्यांचे सूतही गेले आणि स्वस्त गिरणी-कापडामुळे गिऱ्हाईकही गेले. त्यांतील अनेकजण शेतमजुरीकडे, तर काही नागपूरच्या गिरण्यांकडे वळले. नागपूरच्या कापडगिरण्यांतील कामगारांत महार समाजाचे प्रमाण लक्षणीय होते. गावचा विणकर गिरणीचा मजूर होण्याची ही प्रक्रिया एका पिढीत घडून आली.

विणकरांची बांधणी : प्राचीन महाराष्ट्रात विणकरांच्या संघटित श्रेणी होत्या. नासिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखावरून (इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) गोवर्धन येथील कोलिकांच्या म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे दिसते. त्यांवर दरमहा शेकडा एक व पाऊण या दराने व्याज मिळावयाचे होते. ठेव स्वीकारून तिचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या देण्याची पत विणकरांच्या संस्थेला होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकातील भंडाऱ्याच्या विणकरांजवळ अशी आर्थिक संस्था नव्हती. जातपंचायत होती, पण ती विवाह, आचार व तंटे यांपुरती मर्यादित असे. भांडवलाची गरज सूतविक्रेता व सावकार भागवीत. सूत उधारीवर द्यावयाचे व विणलेले कापड त्याच व्यापाऱ्याने आपल्या भावाने घ्यावयाचे, ही पद्धत रूढ झाली. सुताची किंमत व कापडाचा भाव हे दोन्ही एकच व्यक्ती ठरवीत असल्याने विणकराच्या वाट्याला केवळ मजुरी उरे. काही सधन कोष्टी स्वतःच कारखानदार बनले व जातभाईंकडून मजुरीवर विणून घेऊ लागले. म्हणजेच हा भेद जातीच्या आतही होता.

उत्पादनाचे एकक कुटुंब हे होते. खड्डामागावर पुरुष बसे. कांड्या भरणे, ताणा करणे, खळ देणे ही कामे स्त्रिया व मुले करीत. मजुरी मात्र कापडाच्या नगावर ठरे आणि ती विणणाऱ्याच्या नावावर पडे. त्यामुळे सुताचा भाव चढला अथवा कापडाचा उतरला, की त्याची झळ संपूर्ण घराला लागे. परंतु हिशेबात ती एकाच माणसाची दिसे.

खादीकार्य : डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव कायम झाला. मार्च–एप्रिल १९२१ मध्ये बेझवाडा येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीने देशात २० लाख चरखे सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवले. खादीकार्याला स्थायी रूप देण्यासाठी सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली. कापूस वाटणे, सूत मजुरी देऊन गोळा करणे, ते विणकराकडे पोहोचविणे व तयार खादी भांडारातून विकणे, अशी त्याची कार्यपद्धती होती. सूतविक्रेत्या सावकाराचे स्थान येथे संस्थेने घेतले. हाच तिचा भंडाऱ्यासारख्या विणकर-जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा विशेष होय.

विदर्भातील खादीकार्याची सूत्रे वर्ध्याकडे होती. चरखा संघाचे एक प्रमुख कार्यकर्ते श्रीकृष्णदास जाजू हे तेथीलच होत. वैनगंगेच्या खोऱ्यात भंडाऱ्याच्या दक्षिणेस चांदा जिल्ह्यातील सावली हे खादी-उत्पादनाचे मोठे केंद्र बनले; १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे वार्षिक संमेलन महात्मा गांधींच्या उपस्थितीत तेथे भरले होते. तत्पूर्वी, १९३५ मध्ये, चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवनवेतन देण्याचे धोरण स्वीकारले. आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावेत, असे गांधींनी सुचविले होते. कातणाऱ्या स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न यामुळे प्रथमच संस्थेच्या धोरणात आला. परंतु खादीची किंमत त्या प्रमाणात वाढली व तिचे गिऱ्हाईक मर्यादित राहिले.

भंडारा जिल्ह्यात खादीकार्यापुढे तीन विशिष्ट अडचणी होत्या. पहिली अडचण कच्च्या मालाची. कापूस बाहेरून आणावा लागे. दुसरी अडचण विणकराची. पवनी किंवा भंडारा येथील कोष्टी ८० नंबर व त्यावरील गिरणी-सुताला सरावलेला होता. नव्याने शिकलेल्या हातांनी कातलेले जाड व असमान पिळाचे सूत मागावर वारंवार तुटे, दिवसाचे काम निम्म्यावर येई आणि त्याच्या कसबाला त्यात वाव नसे. तिसरी अडचण विडीउद्योगाची होती. तेंदूच्या पानांमुळे या जिल्ह्यात तो झपाट्याने वाढला व घरबसल्या रोख मजुरी मिळवू पाहणाऱ्या स्त्रियांपुढे रहाटाहून वेगळा मार्ग खुला झाला.

१९४४ मध्ये कारावासातून सुटल्यानंतर गांधींनी चरखा संघाच्या कार्याची दिशा व्यापारी खादीकडून वस्त्रस्वावलंबनाकडे वळविली. १९४५ पासून खादी घेणाऱ्याने किमतीचा काही अंश स्वतः कातलेल्या सुताच्या रूपाने द्यावा, असा नियम करण्यात आला. यामागील नैतिक भूमिका स्पष्ट होती. तथापि मागावर पोट असलेल्या कुटुंबाला नियमित व पुरेशा सुताची आवश्यकता होती आणि ती या मार्गाने पुरी होणे शक्य नव्हते. १९५३ मध्ये चरखा संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. त्यानंतर खादीकार्य अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ (१९५३), त्यानंतरचा आयोग (१९५७) व राज्य मंडळ यांच्या साहाय्याने चालणाऱ्या संस्थांकडे आले. एकंबरनाथ यांनी तयार केलेल्या अंबर चरख्यामुळे सुताचा दर्जा व वेग सुधारला. मात्र त्यासाठी लागणारे पेळू तयार करण्याकरिता पुन्हा केंद्रीय यंत्रणेवर अवलंबून राहावे लागले.

सहकारी संस्था : हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थांना खरी चालना दोन प्रसंगांनी मिळाली. १९३४ मध्ये केंद्र सरकारने हातमागासाठी प्रांतांना अनुदान देण्यास सुरुवात केली आणि त्यातून सूतपुरवठा व विक्री यांची प्रांतिक पातळीवर व्यवस्था होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धकाळात सुताची तीव्र टंचाई निर्माण झाली व १९४३ मध्ये कापड आणि सूत यांवर नियंत्रण आले. नियंत्रित दराचे सूत संस्थेच्या सभासदाला मिळे. त्यामुळे विणकर संस्थांचे सभासद झाले. यातील बऱ्याच जणांना सहकाराच्या तत्त्वापेक्षा सुताची लडी अधिक निकडीची होती. नियंत्रण उठल्यावर अनेक संस्था निष्क्रिय झाल्या, याचे कारण त्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले (१९५२). त्याच वर्षाच्या अखेरीस गिरण्यांच्या धोतर-उत्पादनावर मर्यादा घालण्यात आली. गिरणीने पूर्वीच्या उत्पादनाच्या साठ टक्क्यांपर्यंतच धोतरे काढावीत, असे ठरले. धोतरासाठी प्रसिद्ध असलेल्या पवनी-भंडाऱ्याच्या विणकराला हा निर्णय विशेष लाभदायक होता. १९५३ मध्ये गिरणी-कापडावर वारामागे तीन पै जादा कर बसविण्यात आला व त्या निधीतून भागभांडवलास कर्ज, सुधारित मागांची खरेदी, रंगकामाच्या सोयी व विक्रीवरील सूट या बाबींसाठी साहाय्य मिळू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९७१ मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाची नागपूर येथे स्थापना होऊन विदर्भातील विणकरांना सूत देणे, मजुरी देऊन कापड घेणे व ते विकणे हे कार्य त्याने हाती घेतले.

या संस्थांमुळे सावकाराची पकड सैल झाली. परंतु सुताचा प्रश्न सुटला नाही. सूत गिरणीतच तयार होत होते आणि हातमागासाठी लडीच्या रूपात राखून ठेवलेले सूत पुष्कळदा यंत्रमागाकडे वळे. विणकरांनी स्वतःच्या मालकीची सूतगिरणी काढावी, हा यावरील उपाय होता. नागपूर येथे विणकरांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली. पण तीही पुढे बंद पडली. याच सुमारास जनता कापड योजनेखाली (१९७६) स्वस्त धोतरे व लुगडी विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आले. तिने मागांना काम दिले, मात्र तलम कापडाचे कसब असलेल्या विणकरालाही जाड कापडाकडे वळविले. नव्वदीच्या दशकात ही योजना गुंडाळली गेल्यावर अशा विणकरांपुढे जुनी बाजारपेठही राहिली नव्हती. पुरुषांच्या पोशाखातून धोतर मागे पडले होते आणि काठाचे लुगडे यंत्रमागावर निघू लागले होते. १९८५ च्या कायद्याने काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. त्याची अंमलबजावणी मात्र कठीण ठरली.

व्यवसाय खालावत गेल्याने विणकर कुटुंबांतील तरुण शिक्षण व नोकरी यांकडे वळले. हळबा कोष्टी समाजाच्या अनुसूचित जमातीतील समावेशाचा प्रश्न याच काळात तीव्र झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी ‘हळबा’ या नोंदीत हळबा कोष्टींचा समावेश होत नाही, असा निर्णय दिला. मात्र त्या वेळेपावेतो अंतिम झालेल्या प्रवेशांना व नेमणुकांना संरक्षण दिले. नागपूर व भंडारा या भागांतील विणकर समाजाच्या जीवनावर या निर्णयाचा दूरगामी परिणाम झाला.

तसर : सुती हातकताई अस्तंगत होत असताना तसरचा धागा हाताने काढण्याचे काम मात्र जिल्ह्यात चालू राहिले. तसरचा किडा (अँथेरिया मायलिट्टा) तुतीवरील रेशीमकिड्याप्रमाणे घरात पाळला जात नाही. तो वनातील ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो. पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्या यांपासून त्याची राखण करावी लागते व त्या काळात ढिवर कुटुंबे वनातच मुक्काम करतात. या किड्याचा एक स्थानिक प्रकार ‘भंडारा’ याच नावाने शास्त्रीय वाङ्‌मयात ओळखला जातो.

कोश राखेच्या अथवा सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केले जातात. नंतर स्त्रिया चार-सहा कोशांचे तंतू एकत्र करून, उघड्या मांडीवर घासून त्यांना पीळ देत धागा काढतात. हे काम कष्टाचे असून त्यामुळे मांडीच्या त्वचेला इजा होते. फुटलेल्या व धागा न निघणाऱ्या कोशांपासून घिचा नावाचे जाडसर सूत कातले जाते. तसरचे कोश आकाराने व धाग्याच्या जाडीने असमान असल्याने गिरणीला असे सूत स्वस्तात काढणे जमले नाही. त्यामुळे येथे रहाटाच्या वाट्याला आलेली स्पर्धा तसरला फारशी भोवली नाही. मांडीवर धागा काढण्याची पद्धत बंद करण्याच्या उद्देशाने २०१९ मध्ये केंद्रीय रेशीम मंडळाच्या ‘बुनियाद’ नावाच्या यंत्रांचे देशातील तसर-विभागांत वाटप सुरू झाले.

तसरच्या अंगाची व सुती काठाची करवतकाठी साडी ही भंडारा, मोहाडी, आंधळगाव या परिसराचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन होय. तीत दोन्ही काठांसाठी व मधल्या अंगासाठी असे तीन धोटे वापरतात. काठाचा बाणा व अंगाचा बाणा जेथे एकमेकांत गुंततात, तेथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. हे काम खड्डामागावर सावकाश चालते व यंत्रमागावर सहजासहजी साधत नाही. करवतकाठी साडीला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी लाभली आहे.

समारोप : भंडारा येथे केंद्रीय रेशीम मंडळाचे केंद्र असून राज्याच्या रेशीम संचालनालयामार्फत (स्थापना १९९७, नागपूर) तसर-उत्पादकांना अंडी व मार्गदर्शन पुरविले जाते. अखिल भारतीय हातमाग मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले. दरम्यान तसर-विणकामात ताण्यासाठी चीन व कोरिया येथील एकसारखे, तुटण्यास कठीण असलेले परदेशी तसर-सूत देशभर प्रचारात आले. स्थानिक कोशाचा धागा त्यापुढे बाण्यापुरता उरण्याची शक्यता आहे. एकोणिसाव्या शतकात गिरणी-सुताने विणकराची सोय केली आणि कातणारीचे काम नेले. तसरच्या बाबतीत तसे घडू द्यावयाचे नसेल, तर ढिवर उत्पादक, धागा काढणाऱ्या स्त्रिया व विणकर या तिघांचे हित एकाच संस्थेत बांधणे आवश्यक ठरते. खादीकार्याने हे साध्य करण्याचा प्रयत्न केला होता. सहकारी संस्थांनी मुख्यतः विणकराचा विचार केला. कातणारी स्त्री त्यांच्या सभासदत्वाबाहेरच राहिली. जिल्ह्यात आता थोडेच माग चालू असले, तरी वनापासून मागापर्यंतची ही साखळी येथे अद्याप सलग आढळते.